तांदूळ की जव

मार्चमध्ये उजव्या मनगटात कळ यायला लागली. मी मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासते. पूर्वी कागदावर तपासायची, गेली अकरा वर्षं लॅपटॉपवर. छपाईआधीची पीडीएफ येते आणि तिच्यात एकेका अनुस्वाराला, एकेका ऱ्हस्व उकाराला खूण करायची असते. दिवसाला साठ-सत्तर पानं होतात. हे सगळं मी टचपॅडवर एका बोटानं करत होते. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं, काम काय करता ते विचारलं आणि म्हणाले, "आधी माऊस घ्या. बिनवायरचा घ्या, म्हणजे हात जिथे सुखात राहील तिथे ठेवता येईल."

तो माऊस घ्यायला मला तेवीस दिवस लागले. त्या दिवसांत मला एक जुना प्रश्न नव्यानं कळला, म्हणून हे लिहिते आहे. दोन सारख्याच चांगल्या गोष्टींतून माणूस एक घेतो, तेव्हा तो नेमकं काय करतो?

आमची इमारत कामोठ्यात मानसरोवर स्टेशनकडच्या बाजूला आहे. भाचा ओंकार खारघरला राहतो, रविवारी येतो. त्यानं मोबाईलवर एक यादीच करून आणली. रिसीव्हरवाला घ्यायचा की ब्लूटूथवाला? पेन्सिल सेलवर चालणारा की चार्जिंगचा? डीपीआय हजार की सोळाशे? क्लिकचा आवाज होणारा की न होणारा? मी प्रत्येकाची माहिती वाचली. रिसीव्हर आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्याच पट्ट्यात बोलतात. फरक एवढाच की पहिल्यात माऊस आपला रिसीव्हर बरोबर घेऊन येतो आणि लॅपटॉपची एक यूएसबी खाच अडवतो. रिसीव्हर पोर्टेबल हार्डडिस्कच्या शेजारी लावला तर बाण अडखळू शकतो, कारण यूएसबी ३ च्या जोडणीतून निघणारा गोंगाट त्याच पट्ट्यात पडतो. डीपीआय म्हणजे हात एक इंच सरकला की यंत्र त्याचे किती ठिपके मोजतं, तो आकडा. हे सगळं कळलं आणि निवड जास्तच अवघड झाली. रात्री अंथरुणावर पडलं की काल नाकारलेला माऊस आज बरा वाटायचा.

एका रात्री आजीचं वाक्य आठवलं. घरात पूजा असली की ती सुनांना सांगायची, "आता मनात विकल्प आणू नका." शाळेच्या प्रश्नपत्रिकेत हाच शब्द 'पर्याय' या अर्थानं येतो. आपल्या भाषेत विकल्प म्हणजे पर्याय आणि विकल्प म्हणजे शंकाही. लहानपणी मला हे दोन वेगळे शब्द वाटायचे. तेवीस दिवसांत मला दिसलं की तो एकच आहे. यादीत एक नाव वाढलं की मनात एक शंका वाढत होती.

माझे वडील, आण्णा, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत काही वर्षं शिकले होते. ही तीच पाठशाळा, जिथल्या केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले. आण्णा पुढे हायस्कुलात संस्कृतचे मास्तर झाले, पण मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र, त्यांच्या बोलण्यातून कधी गेली नाही. मी बारावीनंतर कुठे जायचं यावर महिनाभर घोळ घालत होते, तेव्हा त्यांनी मला मीमांसकांचा तांदूळ आणि जव समजावून सांगितला होता.

यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीचा रोट, करायचा. एक वेदवाक्य सांगतं, तांदळाचा करा. दुसरं सांगतं, जवाचा करा. दोन्ही वाक्यं वेदाचीच, दोघांचं बळ सारखं. दोन्ही धान्यं एकत्र करायची नाहीत. मग यजमानानं काय करावं? मीमांसक सांगतात की इथे विकल्प आहे, हवं ते घ्या. एवढं सांगून ते थांबत नाहीत. विकल्पात आठ दोष आहेत, असंही ते म्हणतात.

दोष पापाचे नाहीत, तर्काचे आहेत. आज मी तांदूळ घेतले. जवाचं वाक्य खरं होतं, तरी आज मी त्याचं खरेपण सोडलं. हा पहिला. ते जणू खरं नाहीच असं धरलं, हा दुसरा. उद्या मी जव घेतले, तर काल सोडलेलं खरेपण त्याला परत दिलं. हा तिसरा. काल त्याच्यावर लादलेलं खोटेपण काढून टाकलं, हा चौथा. तांदळाच्या वाक्यालाही पुढे हेच चार सोसावे लागतात. चार आणि चार आठ. म्हणून मीमांसक शक्यतो विकल्प मानत नाहीत. वाक्यांची दुसरी कुठलीही व्यवस्था लागत असेल तर ती आधी लावून पाहतात, आणि काहीच लागली नाही तरच विकल्पाला हात घालतात.

सतराव्या वर्षी मला हे उगाच किस काढणं वाटलं होतं. आता साठीत, रात्री अकरा वाजता, मोबाईलवर दोन माऊसच्या चित्रांकडे पाहताना मला ते आठही दोष स्वतःच्या मनात मोजता आले. काल ज्याला मी 'हाताला लहान पडेल' म्हणून बाजूला सारलं, त्याच्यात तसा काही दोष नव्हता. दुसरा घेण्यासाठी मी तो दोष त्याच्यावर ठेवला होता. आज दुसऱ्यावर शंका आली, म्हणून पहिल्याचं सगळं बरं दिसू लागलं. यंत्रं जिथल्या तिथे होती. खरेपण देणं-काढून घेणं सगळं माझ्याकडून चाललं होतं.

मीमांसकांनी विकल्प टाळायची जी वाट काढली आहे, तिचा मला इथे खरा उपयोग झाला. तिला व्यवस्थित विकल्प म्हणतात. म्हणजे दोन्ही वाक्यं उभी ठेवायची, पण कुठलं कुणासाठी ते लावून द्यायचं. अग्निहोत्राची आहुती सूर्य उगवल्यावर द्यावी की उगवण्याआधी, याचं उत्तर आपापल्या शाखेच्या परंपरेवर सोपवलेलं असतं. ज्याची जी शाखा, त्याचा तो काळ, आणि तो जन्मभर तोच. मी ओंकारची यादी घेऊन बसले आणि प्रत्येक गुणापुढे लिहिलं, हा कुणासाठी. मोठा डीपीआय मोठ्या पडद्यावर खेळणाऱ्या मुलांसाठी. छोटा, चपटा माऊस रोज बॅगेतून लोकलनं नेणाऱ्यांसाठी. बिनआवाजाचा क्लिक ज्यांच्या घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस निजलेलं असतं त्यांच्यासाठी. आमच्या घरात सासूबाई दुपारी झोपतात, त्यांची झोप हलकी आहे, म्हणून तो आमच्यासाठीही. यादी चौदावरून तीनवर आली. ज्या अकरांना मी सोडलं त्यांच्यात मला दोष शोधावा लागला नाही. ते दुसऱ्या कुणाचे होते.

हा माऊस नावाचा प्राणीही अशाच निवडीतून आलेला आहे. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ साली कॅलिफोर्नियात पहिला माऊस केला तेव्हा त्याची पेटी लाकडी होती आणि पोटात काटकोनात दोन चाकं होती. त्यांनी तो एकदम खरा मानला नाही. प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, गुडघ्यानं चालवायचं एक साधन आणि माऊस, अशी साधनं माणसांच्या हाती देऊन पडद्यावरची अक्षरं निवडायला सांगितली, आणि कुणाला किती वेळ लागला, किती चुका झाल्या ते मोजलं. १९६७ साली ते निष्कर्ष छापले. मला त्यातली एक गोष्ट फार जवळची वाटते. गुडघ्याचं साधन नवख्यांना लवकर जमलं. सराव झालेल्यांच्या हाती माऊस सरस ठरला. म्हणजे कुठलं साधन चांगलं, याचं उत्तर माणूस त्याच्याबरोबर किती काळ राहिला यावरही अवलंबून होतं. पहिल्या संध्याकाळी दिलेला निवाडा आणि महिन्याभरानं दिलेला निवाडा वेगळे पडतात, आणि दोन्ही खरे असू शकतात.

तीनमधून एक घ्यायला मी स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदार मुलानं तिन्ही खोकी उघडली. "काकू, हात ठेवून बघा. घाई नाही." मी प्रत्येकावर हात ठेवला, चाक फिरवलं. दोन हाताला सारखेच बसले. खरोखर सारखेच. आता कुठलीही व्यवस्था लागत नव्हती, तांदूळ आणि जव समोर होते.

तेव्हा मला संकल्पाचं पाणी आठवलं. पूजेच्या आरंभी आण्णा देश-काल उच्चारायचे, मी अमुक कर्म करतो असं म्हणायचे आणि तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडायचे. पाणी बोटांवरून गेलं की कर्म सुरू झालं. त्यानंतर 'करावं की न करावं' हा प्रश्न संपला. मराठीत एखादी गोष्ट सोडून देण्याला आपण 'तिच्यावर पाणी सोडणं' म्हणतो. एका गोष्टीचा संकल्प करताना बाकी सगळ्या गोष्टींवर पाणी सुटतंच, आणि ते सोडायला हात पुढे होत नाही. मी करड्या रंगाचा घेतला, पेन्सिल सेलवरचा, ७५० रुपयांना.

ओंकार म्हणाला, "मावशी, ऑनलाईन घेतला असतास तर नाही आवडला तर परत तरी करता आला असता."

त्याचं म्हणणं प्रेमाचं होतं आणि व्यवहाराचंही. पण परत करायची मुदत हातात असली की मी ते दिवस माऊस वापरण्यात न घालवता त्याची परीक्षा घेण्यातच घालवते. एका हातानं पाणी सोडायचं आणि खाली दुसरी ओंजळ धरून ठेवायची, तसं ते होतं. मला मनगट दुखण्याआधीसारखं पुस्तकात बुडून जायचं होतं.

पहिल्याच संध्याकाळी माऊस चालेना. आमच्या जेवणाच्या टेबलावर काच आहे आणि मी तिथेच काम करते. माऊसच्या पोटात एक दिवा आणि एक बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं काढतो, आणि एका चित्रातला खडबडीतपणा दुसऱ्यात किती सरकला यावरून हात किती हलला ते ओळखतो. स्वच्छ काचेवर त्याला धरायला काही मिळत नाही. लगेच मनात आलं, काचेवर चालणारा दुसरा माऊस मिळतो, तो घ्यायला हवा होता.

इथे आण्णांनी सांगितलेली पुढची गोष्ट माझ्या कामी आली. तांदूळ घेऊन कर्म सुरू केलं आणि मध्येच तांदूळ नासले, तर यजमानानं काय घ्यावं? आपल्याला वाटेल की जव घ्यावेत, सुरुवातीला तेही तितकेच चालले असते. मीमांसक म्हणतात, नाही. आता जवाकडे वळायचं नाही. तांदळाच्या जवळचं जे असेल ते शोधायचं, निवार घ्यायचा. ऋषिपंचमीला आपण ज्याला देवभात म्हणतो, तो. कर्म सुरू झाल्यावर तांदूळ आणि जव समान राहत नाहीत. तांदूळ तुमचे झालेले असतात, आणि ते संपले तरी त्यांचंच नातं पुढे चालवायचं असतं.

आण्णांच्या शाळेतला पगार एकदा दोन वर्षं रखडला होता. पुण्याच्या एका नातेवाइकानं त्यांना दुकानात भागीदारी देऊ केली. ते गेले नाहीत. सकाळ-संध्याकाळ घरी मुलांना शिकवू लागले, कधी पैशावर, कधी पायलीभर ज्वारीवर. आईनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "देवभात शोधतोय." आईला काय कळलं ठाऊक नाही. मला ते फार उशिरा कळलं.

हा नियम सगळीकडे लावायचा नाही, हेही सांगायला हवं. माझ्या एका मैत्रिणीनं एकोणीस वर्षांनी घर सोडलं. तिच्या सासरचे म्हणाले, एकदा निवडलं ते निभवावं. मी तिच्या बाजूनं उभी राहिले आणि आजही आहे. मीमांसकांचा विकल्प दोन्ही वाक्यांचं बळ सारखं असेल तिथेच असतो. मार खाणं आणि मार न खाणं ही समान बळाची वाक्यं नाहीत. तिथे विकल्पच नव्हता, तर निष्ठेचा प्रश्न येतो कुठून? जे साधनच सदोष आहे ते सोडावं. माझा माऊस सदोष नव्हता. माझं टेबल आणि तो यांची गाठ पडत नव्हती.

मी जुन्या दिनदर्शिकेचा मागचा पुठ्ठा काढला. खरबरीत, मातकट रंगाचा. तो काचेवर ठेवला आणि माऊस त्याच्यावर ठेवला. बाण सरळ गेला आणि एका 'पणि'वर थांबला. तिथे 'पाणि' हवं होतं, पाणिनीचं नाव होतं. मी खूण केली. सासूबाई आत झोपल्या होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही.

आमच्या खिडकीतून आता फक्त इमारती दिसतात, पण कामोठे, कळंबोली, खांदा हा सगळा पट्टा एके काळी भाताचा होता. नवं शहर वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि पुढे ही जमीन शहरासाठी गेली. माऊसचं पेटंटही एंगलबार्टला त्याच साली मिळालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण त्या पुठ्ठ्यावर हात फिरवताना मला दोन्ही एकदम आठवतात. भात पिकवणाऱ्यांना तांदूळ की जव असं कुणी विचारलं नव्हतं. निवडीविषयी लिहिताना मी हे सोडून देऊ शकत नाही. ज्याच्यापुढे दोन समान गोष्टी ठेवल्या जातात आणि हवी ती घे म्हणतात, त्याच्या वाट्याला आधीच पुष्कळ आलेलं असतं. तेवीस दिवस घोळ घालायला मिळणं हेही मिळणंच आहे.

गेल्या रविवारी ओंकार आला. म्हणाला, "मावशी, सेल लागलाय. तुझ्या यादीतला तो दुसरा निम्म्या किमतीत आहे."

मी दोनशे बाराव्या पानावर होते. मनगट दुखत नव्हतं. पुठ्ठ्यावर मधोमध, हात फिरतो तिथे, रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली आहे, तिच्यावर बाण किंचित घसरतो, म्हणून मी पुठ्ठा थोडा फिरवून घेतला आणि त्याला म्हटलं, "कपाटात मागच्या वर्षीची दिनदर्शिका आहे, तिचा पुठ्ठा काढून दे."