आधी कोणाचा पगार?

२०२५च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातले खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार बेमुदत थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हैसूरला आमच्या खालच्या मजल्यावर एक कॉलेजातला मुलगा राहतो. सामना असला की दुपारच्या गाडीने बेंगळुरूला जातो, कंठीरवा स्टेडियमच्या पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये घसा बसेपर्यंत ओरडतो आणि रात्रीच्या बसने परततो. बातमी त्यानेच मला सांगितली, जिन्यात उभं राहून, कन्नडमध्ये. मग म्हणाला, ‘अंकल, छेत्रीचं निभेल. पण त्याच्या पायाला पट्टी बांधतो त्याचं काय?’

या प्रश्नाला माझ्याजवळ पटकन उत्तर नव्हतं.

संकट क्लबने ओढवून घेतलेलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. इंडियन सुपर लीग चालवणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यात २०१०मध्ये १५ वर्षांचा करार झाला होता. तो डिसेंबर २०२५मध्ये संपणार होता. पुढचं काहीच ठरलं नसल्याने जुलैमध्ये कंपनीने हंगाम स्थगित ठेवला. सामने नाहीत म्हणजे तिकिटं नाहीत, प्रायोजक नाहीत, प्रक्षेपणाचे पैसे नाहीत. आपल्याकडे क्लब चालवून कोणी श्रीमंत होत नाही. बहुतेक मालक वर्षानुवर्षं पदरचे पैसे घालतात. त्याच महिन्यात सुनील छेत्रीने जाहीरपणे लिहिलं होतं की आपल्याला खेळाडूंचेच नव्हे, तर फिजिओ आणि मालिश करणाऱ्यांचेही निरोप येत आहेत, आणि सगळे घाबरलेले आहेत.

क्लबने गोष्ट लपवली नाही. युवा संघ आणि मुलांच्या फुटबॉल शाळा चालू राहतील, असंही त्याच निवेदनात सांगितलं. पगार तीन-तीन महिने लांबवून ‘बघू, देऊ’ म्हणत बसणाऱ्यांच्या तुलनेत हे कितीतरी बरं. पोरांचा खेळ तोडायचा नाही हा निर्णय तर मला मनापासून पटला.

अडतं ते पुढे. ‘सगळ्यांचे पगार थांबवले’ हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटतं, कारण त्यात ‘सगळे’ आहेत. पण ज्याच्या खात्यात दोन वर्षांची पुंजी आहे आणि ज्याचं घरभाडं पाच तारखेला द्यायचं आहे, त्या दोघांचा पगार एकाच दिवशी थांबवणं म्हणजे दोघांना सारखं वागवणं नव्हे. आपल्या घरांतही ओढगस्त आली की आधी लग्नाचा खर्च आखडतो, मग सणाचा. मोलकरणीचे पैसे शेवटपर्यंत चुकत नाहीत. निदान चुकू नयेत, असं आपण मानतो. (मानतो तसं वागतोच, असा माझा दावा नाही.)

२०२०च्या टाळेबंदीत हाच प्रश्न युरोपातल्या श्रीमंत क्लबांपुढे आला होता. बार्सिलोनाच्या खेळाडूंनी आपल्या मानधनात ७० टक्के कपात स्वीकारली आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून वर आणखी पैसे घातले. लिव्हरपूलने न खेळणाऱ्या कर्मचाऱ्यांना सरकारी मदत योजनेत घातलं. उरलेला भाग क्लबच भरणार होता, म्हणजे कोणाचा एक पौंडही बुडणार नव्हता. तरी चाहते इतके खवळले की दोनच दिवसांत क्लबने माफी मागून निर्णय मागे घेतला. मला हे उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. हिशेब बरोबर असूनही लोकांना काहीतरी चुकलेलं दिसलं: आपली तिजोरी भरलेली असताना ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर देणं.

यावर मालकांच्या बाजूचं उत्तर असं की क्लब आमचा, पैसे आमचे. उद्या बंद केला तर कोण विचारणार? आणि खरंच कोणी विचारत नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये कंपनीने संघच बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देऊ, असं सांगितलं. हंगाम पुरा खेळून संघ संपला. कायद्याच्या दृष्टीने त्यात खोट नव्हती. पण कूपरेजवर ज्यांनी तो संघ पाहिला त्यांना आपलं काही गेलं असं वाटलं, आणि ते ‘आपलं’ कुठल्याच ताळेबंदात नव्हतं.

गोव्याच्या धेंपोने दुसरी वाट धरली. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला हा क्लब २०१६मध्ये महासंघाच्या योजनेचा निषेध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडला. पण मोडला नाही. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि २०२४-२५च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला. मोठेपणा सोडून जगण्याची ही तयारी मला फार दुर्मीळ वाटते. कोल्हापुरात पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा संघ कोणा एकाच्या मर्जीवर उभा नसतो, त्यामागे पेठ असते. त्या पेठेपायी शाहू स्टेडियमवर भांडणंही होतात, हे मान्य. पण तिथे संघ बंद करायचा असेल तर आधी गल्लीत तोंड दाखवावं लागेल.

बेंगळुरूत मालकाला असं तोंड दाखवावं लागत नाही, म्हणून त्याने ते आपणहून दाखवायला हवं होतं, असं माझं मत आहे. खेळाडू, फिजिओ, कपडे-बूट सांभाळणारे अशा सगळ्यांना एका खोलीत बसवून विचारायचं: इतके पैसे आहेत, इतके महिने काढायचे आहेत, आधी कोणाला? छेत्रीसारख्या माणसाने त्या खोलीत काय म्हटलं असतं याचा अंदाज करणं अवघड नाही. पगार थांबवण्याने महासंघावर दबाव येतो, हेही खरं असेल. पण दबाव आणायला मालिश करणाऱ्याचं घरभाडं का वापरायचं? त्याचा त्या करारात कसलाच हात नव्हता.

मी हे सगळं खालच्या मुलाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. सामने सुरू झाले तर पुन्हा जाशील का, असं विचारल्यावर म्हणाला, जाणार. पण यावेळी आधी बाकाकडे बघणार, पट्टी बांधणारा तोच आहे का ते.