सांगायला आलेला माणूस

जाँ-ल्युक लागार्स या फ्रेंच नाटककाराने 1990 साली बर्लिनमध्ये एक नाटक लिहिलं. चौतीस वर्षांचा लुई कितीतरी वर्षांनी घरी येतो. आपण लवकरच मरणार आहोत, हे आई, बहीण स्युझान आणि धाकटा भाऊ आंत्वान यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं, एवढंच त्याच्या मनात असतं. पण तो न सांगताच परत जातो. लागार्सला आपल्या एचआयव्ही संसर्गाची माहिती 1988 मध्येच कळली होती. 1995 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो गेला. झाव्हिए दोलाँने या नाटकावर केलेल्या चित्रपटाला 2016 मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं.

या लुईवरून एका मावशी-भाचीचं चांगलंच वाजलं. मावशीचं आयुष्य सरकारी रुग्णालयात सिस्टर म्हणून गेलं. भाची नाटकं बसवते.

“भित्रा आहे तो,” भाची म्हणाली. “त्यांच्या माणसाचं मरण त्यांच्यापासून लपवायचा अधिकार त्याला कुणी दिला?”

“मरण कुणाचं गं? त्याचंच ना?”

“त्याचं एकट्याचं नाही. उद्या तो गेल्याचं कळेल, तेव्हा आंत्वान त्या दिवशी आपण भावाला काय काय बोललो, ते जन्मभर आठवत बसेल. लुईने त्याला माफी मागायची संधीसुद्धा ठेवली नाही.”

हा मुद्दा खरोखर जड आहे. मावशीही क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “पण सांगायचं म्हणजे कुणीतरी ऐकायला हवं. वॉर्डात मी पाहिलंय. पेशंट ‘सिस्टर, जरा बोलायचं होतं’ म्हणतो, आणि नातेवाईक लगेच मोसंबी सोलायला घेतात.”

नाटकातही तेच चालतं. लुई आणि भावजय काथरीन पहिल्यांदाच भेटतात ती परक्यांसारखी हात मिळवून. ती त्याला आपल्या मुलाचं नाव सांगते: लुई. आजोबांचं नाव थोरल्याच्या मुलाला जायचं. पण या थोरल्याला मुलं होणार नाहीत, म्हणून ते आंत्वानच्या मुलाला दिलं. हे सांगताना ती बिचारी शब्द दुरुस्त करत, अडखळत राहते. सगळेच तसं बोलतात. वाक्य उच्चारायचं, मग त्याचा काळ बदलायचा, मग पुन्हा तेच. चुकीचा शब्द जाईल या धास्तीने बोलणं पुढेच सरकत नाही. लुई आंत्वानला स्टेशनवरच्या उपाहारगृहात आपण पहाटेपासून कसे थांबलो होतो ते सांगू लागतो, तर आंत्वान उसळतो: हे मला का सांगतोयस? लुई तिथून मूळ गोष्टीकडे वळणार होता की नाही, हे मग कळतच नाही.

“आपल्याकडच्या ‘वाडा चिरेबंदी’ नाटकात तात्याजी गेल्यावर मुलं जमतात,” भाची म्हणाली, “आणि भांडण होतं तेराव्याच्या खर्चावर. पैशाबद्दल बोलता येतं गं. दुःखाबद्दल कोण बोलतं?”

“मग लुईच्या आईने काय मागितलं, ते वाच पुन्हा.”

नाटकाचा खरा पेच इथेच आहे. आई लुईला एकांतात विनवते, की धाकट्या दोघांना जरा धीर दे. स्युझानला वाटू दे, की ती कधीतरी तुझ्याकडे येऊ शकेल. खरं नसलं तरी चालेल. निघताना लुई म्हणतो, आता इतकी वर्षं लावणार नाही, लवकरच येतो. हे खोटं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

“म्हणजे आईने मागितलं तेच त्याने दिलं,” मावशी म्हणाली. “तू त्याला भित्रा म्हणतेस.”

“दिलं, पण स्वस्तातलं दिलं. आजवर तो दोन ओळींची पोस्टकार्डं पाठवायचा, हेही तसंच. त्याला आपल्या मरणावर आपलीच हुकमत हवी होती. सांगितलं असतं तर ते रडले असते, चिडले असते, हुकमत गेली असती.”

मावशीला हे पटलं नाही, पण तिने खोडूनही काढलं नाही. तिने विचारलं, “तू असतीस तर कुणाला सांगितलं असतंस?”

“आधी आंत्वानला. एकट्याला.”

“जो ऐकायलाच तयार नाही, त्याला?”

“हो. आईच्या जवळपास राहून घरची जबाबदारी त्यानेच उचललीय. लुई गेल्यावरही तिला सांभाळायचंय ते त्यालाच. त्याला आधी कळायला नको?”

“आणि त्याने मध्येच तोडलं तर?”

“तर पुन्हा सांगायचं. तो ओरडत असला तरी.”