नालाची नीति

द्यूताची निंदा करण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. धर्मराजानें द्रौपदी पणास लावल्यापासून हा विषय आपल्या वाङ्मयांत इतक्यांदा चर्चिला गेला आहे कीं, हरणाराची कींव आणि जिंकणाराचा तिरस्कार या दोन्ही भावना आपणांस आयत्याच मिळतात. परंतु द्यूतगृहांत आणखी एक तिसरा मनुष्य असतो. तो खेळत नाहीं, म्हणून हरत नाहीं. फसवीत नाहीं, म्हणून कोणी त्यास चोर म्हणत नाहीं. तो जागा, दिवा आणि पत्ते पुरवितो व त्याबद्दल खेळणारांकडून कांहीं रक्कम कापून घेतो. या रकमेस आपल्याकडे 'नाल' म्हणतात. नाल घेणारा हा मनुष्य निर्दोष मानावा काय, आणि नाल कोणत्या रीतीनें घेतला जातो यावर त्याचा दोष कमी-अधिक होतो काय, हा प्रश्न आम्ही येथें वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

आपल्या शास्त्रकारांस हा मनुष्य चांगला ठाऊक होता. राजानें राज्यांत द्यूत मुळींच राहूं देऊं नये, असें सांगून मनूनें प्रश्नच मिटविला. कौटिल्यानें मात्र तें एका ठिकाणीं आणून त्यावर अध्यक्ष नेमला. जिंकलेल्या द्रव्यांतून शेकडा पांच, शिवाय फांशांचें भाडें आणि पाणी व जागा यांचें मोल त्यानें घ्यावें, अशी व्यवस्था केली. याज्ञवल्क्यस्मृतींत द्यूत चालविणारास 'सभिक' म्हटलें आहे. मिताक्षरेनें लाविलेल्या अर्थाप्रमाणें, ज्याची जीत शंभराची किंवा अधिक असेल त्याच्याकडून सभिकानें शेकडा पांच घ्यावे, आणि ज्याची जीत त्याहून कमी असेल त्याच्याकडून शेकडा दहा. मोबदल्यांत, जिंकणाराचें द्रव्य वसूल करून देण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. 'मृच्छकटिका'च्या दुसऱ्या अंकांत दहा सुवर्णांसाठीं संवाहकाच्या मागें धांवणारा माथुर हा असाच सभिक होय. लहान जितीवर दुप्पट दर, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आजच्या काळीं या प्रश्नाचें सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे अमेरिकेंत वाढलेला पोकर हा पत्त्यांचा खेळ. रूलेटच्या चक्रावर मालक स्वतःच प्रतिपक्षी असतो; चक्रावर एक शून्य असेल तर लांबच्या हिशेबानें लावलेल्या रकमेचा शेकडा २.७० आणि दोन शून्यें असतील तर शेकडा ५.२६ भाग त्याच्याकडे जातो. पोकरांत खेळणारे एकमेकांशींच खेळतात, म्हणून मालकास आपला वांटा उघड मागावा लागतो. तो मागण्याच्या रीती तीन आहेत. पहिली, प्रत्येक डावांत जमलेल्या रकमेचा शेकडेवारीनें भाग घेणें. नेवाडा राज्यांत १९३१ सालीं जुगार कायदेशीर झाला. तेथें हा भाग शेकडा दहाहून अधिक घेतां येत नाहीं, आणि बहुतेक मालक त्यावर ठराविक रकमेची मर्यादाही घालतात. दुसरी, अर्ध्या तासास अमुक याप्रमाणें खुर्चीचें भाडें घेणें. मोठ्या रकमांच्या टेबलांवर ही रीत विशेष आढळते. कॅलिफोर्नियांत शेकडेवारीचा खेळ कायद्यानें निषिद्ध असल्यामुळें, गार्डेना येथें १९३६ पासून निघालेल्या क्लबांनीं खुर्चीच्या भाड्यावरच आपला संसार थाटला. तिसरी, स्पर्धेची प्रवेश-फी: १०० डॉलर बक्षिसांच्या निधीस आणि १० मालकास, असें आरंभींच सांगून घेणें.

पहिल्या रीतीचा हिशेब थोडा करून पाहूं. नऊ जण प्रत्येकीं १०० डॉलर घेऊन बसले, तासास ३० डाव झाले आणि प्रत्येक डावांतून सरासरी ३ डॉलर कापले गेले, असें समजा. तासास ९० याप्रमाणें दहा तासांत ९०० डॉलर, म्हणजे सर्वांनीं मिळून आणलेलें सारें द्रव्य, मालकाच्या पेटींत जातें. कोणी उत्तम खेळला असेल, कोणी वाईट; नऊही जण रिकाम्या हातांनीं उठतात. आणि हें कोणास जाणवत नाहीं, कारण कात्री लागते ती जिंकणाराच्या ढिगास, व तीही त्याच्या आनंदाच्या क्षणीं. शिवाय मर्यादा ३ डॉलरांची असेल, तर ३० डॉलरांच्या डावावर शेकडा दहा पडतात आणि ३०० डॉलरांच्या डावावर शेकडा एक. याज्ञवल्क्याचा सभिक येथें पुन्हा भेटतो: धाकट्यास दर मोठा!

आतां रक्कम बाजूस ठेवून मालकाच्या मनांत डोकावूं. ज्याचें वेतन डावावर, त्यास डाव पुष्कळ व्हावे, भराभर व्हावे, असें वाटणारच. ज्याचें वेतन तासावर, त्यास डाव लहान कीं मोठा याची पर्वा नसते. मात्र पहाट झाली तरी खुर्चीवरील मनुष्य उठूं नये, अशी त्याची इच्छा असते. ज्यास आरंभींच प्रवेश-फी मिळाली, त्याचा स्वार्थ त्या स्पर्धेपुरता पहिला पत्ता पडण्यापूर्वींच पुरा होतो. पुढची स्पर्धा भरावी एवढीच त्याची इच्छा उरते, आणि चालू खेळांत तो खरोखर तटस्थ राहूं शकतो. म्हणून आमची कसोटी अशी आहे कीं, दुसऱ्याच्या खेळांतून वांटा घेणारानें किती घेतलें यापेक्षां त्याचा लोभ कोणत्या क्षणीं थांबतो, हें आधीं पाहावें.

यावर कोणी म्हणेल कीं, खेळणारे सज्ञान आहेत, दर सर्वांस ठाऊक आहे, मग मालकाकडे बोट कां दाखवावें? आक्षेप पोकळ नाहीं. जागेचें व श्रमाचें मोल मागणें हा गुन्हा नव्हे. परंतु दर ठाऊक असणें निराळें आणि बेरीज ठाऊक असणें निराळें. तीन डॉलर सर्वांस दिसतात. नऊशें फक्त मालकास दिसतात. संमति तीन डॉलरांस होती. नऊशेंविषयीं कोणी विचारलेंच नव्हतें.

हीच कसोटी राजासही लावावी लागते, कारण स्मृतिकाळापासून सभिकाच्या मिळकतींत राजाचा भाग आहे. आपल्या देशांत इंटरनेटवरील पैशांच्या खेळांत खेळणारानें भरलेल्या संपूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून शेकडा २८ वस्तु व सेवा कर बसला. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें असे खेळ, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, चालविण्यासच बंदी करणारा कायदा केला. दोन वर्षांच्या आंत सरकार कौटिल्याकडून मनूकडे गेलें! त्यांतील योग्यायोग्यतेचा वाद येथें नको. एवढें मात्र खरें कीं, जोंवर तिजोरी प्रत्येक भरण्याबरोबर भरते, तोंवर निषेधाचा शब्द तोंडांतून निघणें कठीण असतें.

सौद्यागणिक दलाली घेणारा असो कीं तारखेगणिक फी घेणारा वकील असो, दुसऱ्याच्या उलाढालीवर उपजीविका करणारा प्रत्येक जण थोडाबहुत सभिकच आहे. अशा माणसानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा: हा खेळ आतां थांबला, तर माझें नुकसान होईल काय? होत असेल, तर आपण त्या खेळांत सामील आहों, हें त्यानें ओळखावें. मग त्याच्या हातांत पत्ते असोत वा नसोत.