चांगली वस्ती कोणती?



उन्हाळा संपत आला की नागपुरात घरसामानाने भरलेल्या गाड्या दिसू लागतात. कोणाची रेल्वेत बदली झालेली असते, कोणाला मिहानमध्ये नोकरी मिळालेली असते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी घर मिळावे म्हणून सारी धावपळ चालते. असे एखादे नवे कुटुंब मिस्सेनंतर आपल्याला विचारते, "मुलाबाळांसाठी चांगली वस्ती कोणती?"

कोणी सदर सुचवतो, कोणी धरमपेठ, कोणी मनीष नगर, तर कोणी बेसा. भाडे, पाणी, शाळेचे अंतर या गोष्टी पाहायलाच हव्यात. सर्वांत वरच्या मजल्यावरचे घर स्वस्त मिळाले, तरी मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की काय होते, हेही नवख्यांना सांगायला हवे. डिसेंबर २०२२ पासून खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर अशी मेट्रो धावू लागली आहे, त्यामुळे थोडे दूरचे घरही चालू शकते.

परंतु त्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला असतो : इथे आम्हाला आपले कोण म्हणेल? घर पाहायला गेले की कित्येकांना आधी आडनाव विचारले जाते, मग घरात काय शिजते ते विचारले जाते आणि शेवटी खोली आधीच दिली गेली आहे असे सांगितले जाते. बेथलेहेमात जागा न मिळालेल्या मरिया आणि योसेफ यांना हे दुःख ठाऊक आहे.

बाबिलोनमध्ये नेलेल्या यहुदी लोकांना वाटत होते की, आपण येथे चार दिवसांचे पाहुणे आहोत. यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पत्र पाठवले (अध्याय २९). घरे बांधा, बागा लावा, मुलांचे संसार उभे करा आणि त्या परक्या नगरासाठी प्रार्थना करा, असे त्याने कळवले. नगराचे भले झाले तरच त्यांचेही भले होणार होते.

आपला धर्मप्रांतही परक्या मातीत रुजलेल्या माणसांनीच वाढवला. फ्रान्समधील आन्सी येथे १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स मिशनरी संघाचे धर्मगुरू या उन्हात आले, इथली भाषा शिकले आणि इथेच राहिले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला व १९५३ साली महाधर्मप्रांत.

म्हणून नव्याने आलेल्या बंधू-भगिनींनो, "दोनच वर्षे काढायची आहेत" असे म्हणत खोकी बांधलेली ठेवू नका. धर्मग्रामात नाव नोंदवा, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवा, वस्तीतील प्रार्थनासभेला या. शेजारी हिंदू असो, बौद्ध असो वा मुसलमान, त्याच्या सुखदुःखात सामील व्हा.

आणि आपण जुने नागपूरकर? नवख्याला रात्री उघडा असणारा दवाखाना दाखवावा, कूलर दुरुस्त करणारा सांगावा, पहिल्या दिवशी डबा न्यावा. मिस्सेला मागे उभ्या असलेल्या कुटुंबासाठी बाकावर थोडे सरकावे. ज्याला घर नाकारले जात आहे, त्याच्यासोबत घरमालकाकडे जाऊन "मी यांना ओळखतो" असे सांगावे. हे एक वाक्य बोलण्यात आपला वेळ जातो, कधी थोडी भीडही मोडावी लागते. पण परक्याला घरात घेतले ते मलाच घेतले, असे प्रभू येशूने आपल्याला शिकवले आहे.

चांगली वस्ती विटा-सिमेंटने होत नाही, ती शेजाऱ्यांनी होते. पुढच्या रविवारी कोणी तो प्रश्न विचारला, तर "आमच्या शेजारी या" असे उत्तर आपल्याला देता यावे, अशी कृपा प्रभू आपणांस देवो. आमेन.