आठवं कारण

वीज पूर्ण गेली की यंत्र बंद पडतं, आणि ते कुणालाही कळतं. वीज कमी पडली तर ते कसंबसं चालू राहतं, आणि मग सगळा दोष त्याच्याच माथी येतो. वणीत वायफायची कामं करताना हे मी पुन्हापुन्हा पाहतो. माणसाच्या नशिबाविषयी आपण जे बोलतो, त्यातली मोठी चूक मला इथेच दिसते.

छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याला, बहुतेक ठिकाणी वेगळा प्लग नसतो. डेटा येतो त्याच केबलमधून त्याला वीज मिळते. या पद्धतीला आम्ही पीओई म्हणतो. २००३ च्या मानकाप्रमाणे स्विचचं पोर्ट १५.४ वॉट देई आणि शंभर मीटर केबलच्या पलीकडे १२.९५ वॉटचीच हमी असे. २००९ मध्ये पोर्टचा आकडा ३० वर गेला, तरी पोचण्याची हमी २५.५ ची. मधली वीज केबल तापण्यात जाते. पुरेशी वीज मिळाली नाही तर काही ॲक्सेस पॉइंट आपले निम्मे अँटेना बंद करून घेतात. दिवा लागलेला असतो, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक आहे, हे यंत्रच मंद आहे.

इथल्या एका अभ्यासिकेत वरच्या मजल्यावर टोकाची खोली स्वस्त आहे. मारेगाव, झरीकडच्या खेड्यांतली मुलं तिथे बसतात. कुणी पोलीस भरतीचा अभ्यास करतं, कुणी तलाठ्याचा. तिथलं वायफाय सकाळी आणि रात्री नीट चाले. मे महिन्यात भर दुपारी, खोली भरली की, ॲक्सेस पॉइंट बंद पडून पुन्हा सुरू होई. चालक म्हणाले, "भाऊ, त्या खोलीचं नशीबच खोटं हाय. डबा बदलून टाका."

मी आधी डबा काढून स्विचशेजारी छोट्या केबलवर लावला. गर्दीच्या दुपारीही तो पडला नाही. मग दुसऱ्या खोलीतला धडधाकट डबा टोकाच्या खोलीत नेला, तर तो पडू लागला. न्यायशास्त्र याला अन्वय-व्यतिरेक म्हणतं: कारण असेल तिथे कार्य असतं, कारण नसेल तिथे कार्य नसतं. तर्कसंग्रह पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हे सूत्र माहीत असतं. आम्हाला ते हातांनी करावं लागतं. खोलीपर्यंतची केबल गच्चीवरून उन्हात गेली होती. तिचं टोक कापून तार पातीने खरवडली. वरून तांब्याचा रंग, आत पांढरं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. त्यात उन्हाने तार तापली की दर अंशामागे रोध सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, आणि मुलं जोडली गेली की डब्याची मागणीही वाढते. तिन्ही गोष्टी दुपारी एकत्र येत. वेकोलिच्या कोळशाच्या खाणी आमच्याच तालुक्यात, २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र शेजारी चंद्रपूरला. पण टोकाच्या खोलीत किती पोचतं, हे ती मधली तार ठरवत होती.

नशीब हा शब्द चालकांनी सहज वापरला. त्यामागे मात्र फार जुना सिद्धांत उभा आहे: ज्याचं त्याचं प्रारब्ध, ज्याची त्याची पात्रता. त्याला जुनंच उत्तरही आहे. संयुत्त निकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात. आपलं काय मत? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतूतला बदल, निष्काळजी वागणूक, अचानक झालेला आघात, आणि आठवं कर्म. कर्म ते नाकारत नाहीत. सगळंच त्याच्यावर टाकणारे डोळ्यांसमोरच्या अनुभवाच्या पलीकडे बोलतात, असं ते सांगतात. ऋतूचं नाव त्या यादीत आहे, हे त्या तापलेल्या गच्चीवर मला फार जवळचं वाटलं. डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात याच जागी बोट ठेवलं: गरिबाची अवस्था पूर्वजन्मीच्या कर्माची म्हटली की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात.

मग घेणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का? आहे. वीज सोडण्याआधी स्विच केबलवर हलका व्होल्टेज देऊन पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का ते तपासतो. डब्याने ती खूण दाखवली नाही तर त्याला काहीच मिळत नाही. अंगानेच बिघडलेले डबेही असतात. आळशी विद्यार्थी असतात, तसेच. पण तो निर्णय मोजमापानंतरचा आहे. टोकाच्या खोलीतल्या मुलाला 'याची कुवतच एवढी' म्हणणाऱ्याने त्याच्यापर्यंत किती पोचलं, हे मोजलेलं नसतं. शाळेत शिक्षक किती दिवस होते, एसटी वेळेवर आली का, घरी दिवा होता का, हे कोणीच विचारलेलं नसतं. न मोजता दिलेला असा निकाल मला अधर्म वाटतो.

शिकवणाऱ्यांना, परीक्षा घेणाऱ्यांना आणि घरातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे: पहिली सात कारणं तपासून होईपर्यंत आठव्याचं नाव घेऊ नका.