भ्रूणांची प्रतवारी

मार्केट यार्डात वावरणाऱ्या माणसाला प्रतवारी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. कांद्याचा ढीग निवडला की मोठा माल एकीकडे आणि गोल्टी दुसरीकडे. डाळिंब रंगावर आणि आकारावर लागते. त्यात कोणाचा अपमान नाही. माल विकायचा तर तो निवडावाच लागतो. पण हाच 'प्रत' शब्द 'ग्रेड' या नावाने आता आपल्या काही घरांत वेगळ्याच कागदावर येतो. आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब पद्धतीचा उपचार घेणाऱ्या जोडप्याला सांगितले जाते : इतके भ्रूण तयार झाले, त्यांपैकी इतके चांगल्या ग्रेडचे, इतके कमी ग्रेडचे. त्या कागदाविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

अशा जोडप्यांना दोष द्यावा म्हणून हे लिहिलेले नाही. लग्नाला दोन वर्षे झाली की प्रत्येक बाप्तिस्म्याला, प्रत्येक नाताळला "काही विशेष?" असे विचारणारे आपणच असतो. हन्नाची गोष्ट आपण मिस्सेत ऐकतो. ती मंदिरात ओठ हलवीत रडत होती, तेव्हा एली याजकाला ती प्यालेली वाटली. मूल नसलेल्या स्त्रीचे दुःख धर्माच्या माणसांनाही चटकन ओळखता येत नाही, हे पवित्र शास्त्रानेच नोंदवून ठेवले आहे. तेव्हा जरा दबकतच आम्ही या विषयाकडे वळतो.

जगातील पहिले असे बाळ, लुईज ब्राऊन, जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्याला डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी हे घडवून आणले, आणि महाराष्ट्राला हा उपचार ठाऊक झाला. पद्धत थोडक्यात अशी : इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे पक्व करायची, ती बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करायची, तीन किंवा पाच दिवस वाढू द्यायची आणि मग त्यांतून निवडून गर्भाशयात सोडायची. आमचा प्रश्न या 'निवडून' शब्दापाशी आहे.

कारण त्या एका शब्दात वेगवेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. काही भ्रूणांची वाढ आपोआप थांबते, पेशींचे विभाजन बंद पडते. तो जीव गेला आहे. तो गेला असे डॉक्टरांनी सांगणे ही नोंद आहे, निवड नव्हे. परंतु जे जिवंत आहेत, त्यांतही क्रम लावला जातो. पेशी किती, त्या सारख्या आहेत की नाहीत, बाहेरचा थर कसा दिसतो, यांवरून अंदाज बांधला जातो. आणि तो अंदाजच असतो. उत्तम ग्रेडचा भ्रूण रुजत नाही आणि कमी ग्रेडच्या भ्रूणापासून सुदृढ बाळ जन्मते, हे या क्षेत्रातील डॉक्टर स्वतःच सांगतात. बाहेरच्या थरातल्या थोड्या पेशी काढून गुणसूत्रे तपासण्याची पद्धतही आहे. परंतु २०१५ साली इटलीतील डॉक्टरांनी असे जाहीर केले की, तपासणीत काही पेशी सदोष आढळलेल्या भ्रूणांपासूनही निरोगी बाळे जन्मली आहेत. त्याआधी असे किती भ्रूण 'टाकाऊ' ठरले असतील?

"हा जगेल का?" हा एक प्रश्न आहे. "हा आम्हांला हवा का?" हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या आडोशाने दुसरा कसा आत शिरतो, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिलेले आहे.

गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांआधी कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही सोनोग्राफी चालूच राहिली, आणि पुढे गर्भ राहण्याआधीच मुलगा निवडण्याची तंत्रे आली. तेव्हा २००० साली मुंबईची 'सेहत', आपल्या पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ पासून सुधारित कायदा लागू झाला आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. त्याविरुद्ध दोन मुली असलेले एक दाम्पत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले. पुढचे मूल कोणते हवे ते निवडू द्या, ही त्यांची मागणी होती. २००७ साली न्यायालयाने ती फेटाळली. हे सगळे घडत असताना राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ वर आणि २०११ मध्ये ८९४ वर आली होती.

आता थोडे थांबून विचार करू या. मुलीचा भ्रूण केवळ मुलीचा म्हणून बाजूला सारणे चूक, हे आज बहुतेक सर्वांना मान्य आहे. पण का चूक? भ्रूण म्हणजे नुसता पेशींचा पुंजका असेल, तर तो कोणत्या कारणाने टाकला याने काय बिघडते? कायद्याचे उत्तर असे की, त्यामुळे जिवंत स्त्रियांचा अवमान होतो आणि समाजाचा तोल ढळतो. हे उत्तर खरे आहे. (या संस्थांचे आणि ख्रिस्तसभेचे गर्भपाताविषयी एकमत नाही, हेही सांगायला हवे.) पण ते पुरेसे आहे का? मुलामुलींची संख्या उद्या अगदी समसमान झाली, तर मग मुलगी नाकारणे चालेल? आपले मन नाही म्हणते. म्हणजे कोठेतरी आपल्यालाही वाटते की, जिच्यावर अन्याय झाला ती तिथे होती.

ख्रिस्तसभा यापेक्षा वेगळे काही सांगत नाही. 'एव्हांजेलियुम व्हीते' या १९९५ च्या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी तत्त्वज्ञांचा वाद बाजूला ठेवला. तिथे माणूस असण्याची नुसती शक्यता असली, तरी त्याला हात लावता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. झुडपात हालचाल दिसली आणि तो माणूस की जनावर हे कळत नसेल, तर शहाणा शिकारी बंदूक खाली ठेवतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : निसर्गातही कितीतरी भ्रूण रुजत नाहीत, कळतही नाही. खरे आहे. पण भूकंपात माणसे मरतात म्हणून माणसाने माणूस मारावा असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. ज्यांच्या घरी थॅलेसेमियाचे मूल आहे, ज्यांची वर्षे रक्ताच्या बाटल्या मिळवण्यात जातात, त्यांना काय सांगायचे? २०२१ च्या कायद्यानेही आनुवंशिक आजारासाठी भ्रूणाची तपासणी मान्य केली आहे. अहमदाबादला २०१८ मध्ये अशाच निवडीतून एक मुलगी जन्मली आणि २०२० मध्ये तिच्या अस्थिमज्जेमुळे आजारी भावाचे रक्त चढवणे थांबले. त्या आईबापांचा आनंद आम्ही कसा नाकारू? पण आजार टाळणे आणि आजारी व्यक्तीला टाळणे यांत फरक आहे. औषध आजाराला घालवते; इथे आजार असलेलाच घालवला जातो. थॅलेसेमिया झालेले आपले मूल हे वाक्य ऐकत असेल, तर त्याला काय वाटेल? हा प्रश्न आम्हांला सोडत नाही.

नलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया, संप्रेरकांचे उपचार, एंडोमेट्रिओसिसवरील इलाज यांना ख्रिस्तसभेची आडकाठी नाही. दत्तक घेण्याला तर ती प्रोत्साहनच देते. आयव्हीएफला मात्र ती नकार देते. तरीही त्या मार्गाने जन्मलेले बाळ इतर कोणाही बाळाइतकेच देवाचे दान आहे, हे १९८७ पासून तिने स्पष्ट सांगितले आहे. अशा बाळाच्या बाप्तिस्म्याला कुजबुज करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

राहिले ते गोठवलेले भ्रूण. ज्यांनी उपचार घेतला, ज्यांचे एक मूल आज शाळेत जाते आणि ज्यांना उरलेल्या भ्रूणांच्या साठवणुकीचे पैसे भरा असे पत्र येते, असे श्रद्धावंतही आहेत. कायद्याने दहा वर्षांची मुदत घातली आहे. पुढे ते नष्ट होऊ द्यायचे किंवा संमतीने संशोधनाला द्यायचे. २००८ च्या 'दिग्नितास पेर्सोने' या पत्रकात रोमने दोन्ही वाटा विचारात घेतल्या, दुसऱ्या दाम्पत्याने ते वाढवावेत या सूचनेमागचा चांगला हेतूही मान्य केला, आणि अखेर कबूल केले की झालेला हा अन्याय आता निस्तरता येण्यासारखा नाही. म्हणून जे अजून उंबरठ्यावर आहेत, त्यांनी सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे : किती बीजे फलित करणार? निवडणार कशावरून? आणि उरलेल्यांचे काय? ज्यांच्या हाती ते पत्र आधीच आले आहे, त्यांनी ते घेऊन धर्मगुरूंकडे यावे. एकट्याने वाचत बसू नये.