बांधावरची पेटी

भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं सोलापूरचं डाळिंब. त्याच्या लालभडक फुलाचं फळ व्हायला मधमाशीचा मोठा हातभार लागतो. हीच माशी विधवा बाईच्या घरालाही हात देऊ शकते. नवरा गेलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर बहुधा नसतंच. पण मधपेटीला दुसऱ्याच्या बांधावरची सावलीही पुरते. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या, उन्हाळ्यात वर ओलं गोणपाट. ही निगा बायकांच्या हाताला नवी नाही. 2022 साली महाबळेश्वरजवळचं मांघर ‘मधाचं गाव’ झालं. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कपाळावरचं कुंकू राहिलं, फार मोलाचं झालं. पण चुलीला मिळकत लागते. बागायतदार दादांनो, बहर धरलात की या बायांच्या चार पेट्यांना जागा द्या. आणि फूल असताना फवारणी करावीच लागली, तर सांजावल्यावर करा.